पाठकोऱ्या पत्रिका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या धुळ्याच्या घरात पत्रिका यायला लागतात. कुणी हातात आणून देतं, कुणी दाराच्या कडीत खोचून जातं, कुणी फोनवर फोटो पाठवून खाली "हीच समजा" असं लिहितं. कागदाच्या पत्रिका सासूबाई टीव्हीशेजारच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत ठेवतात. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं असतं, त्यामुळे चार दिवसांत त्या पिशवीलाच लग्नघराचा वास येतो. मी मात्र पत्रिका हातात आली की आधी उलटी करते. पाठ कोरी आहे का, कागद जाड आहे का, पेन्सिल त्यावर नीट चालेल का, हे बघते आणि मग नवरा-नवरीकडे वळते. "अगं, लग्न पुढच्या बाजूला आहे," सासूबाई दरवेळी म्हणतात. त्यांचं वाक्य बदललेलं नाही आणि माझी खोडही गेलेली नाही.

खोड लागली आठ वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मी जळगावला आईवडिलांकडे राहून पुण्यातल्या एका लहानशा संस्थेसाठी काम करत होते. कामाचं स्वरूप सांगितलं की लोकांना हसू यायचं. गावोगावच्या आशाताईंसाठी मोबाइलवर एक ॲप व्हायचं होतं. गरोदर बायांची नोंद, तपासण्या, लसी, बाळंतपणाची तारीख, असं सगळं त्यात राहणार होतं. पण ते ॲप बनवण्याआधी त्याची एकेक स्क्रीन कागदावर पेन्सिलने काढायची, ते कागद घेऊन आशाताईंसमोर जाऊन बसायचं आणि म्हणायचं, हा मोबाइल आहे असं समजा. त्यांनी कागदावरच्या बटणाला बोट लावायचं, मी तो कागद उचलून त्याजागी पुढचा कागद ठेवायचा. म्हणजे मोबाइलच्या आतलं यंत्र मीच. जिथे चुकलंय तिथे त्यांनी काट मारायची, हवं ते लिहायचं, नको ते कात्रीने कापून टाकायचं. माझ्या वडिलांना, आबांना, हे कधीच पटलं नाही. "इंजिनियर केली, आणि पोरगी घरात बसून कागद कापते," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. पण माझी कात्री हरवली की शोधून तेच द्यायचे.

साधा कागद या कामाला चालत नाही. वाऱ्याने उडतो, हातात लोळतो, दोनदा खोडलं की फाटतो. आमच्या गल्लीच्या टोकाला सलीमचाचांचा छापखाना होता. लग्नसराईत त्यांचं यंत्र सकाळपासून खडखडायचं, आणि कोपऱ्यात बिघडलेल्या पत्रिकांचा ढीग साचायचा. एकीचा रंग सरकलेला, एकीवरचा सोनेरी गणपती थेट नवरदेवाच्या नावावर जाऊन बसलेला. मी त्या ढिगाकडे बघतेय हे चाचांच्या लक्षात आलं. "ले जा बेटा," ते म्हणाले. "एक बाजू बिघडली, दुसरी तर साफ आहे ना." मग मोबाइल केवढा असतो ते विचारून त्यांनी स्वतःचाच फोन पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला, कडेने रेघ मारली आणि कापायच्या यंत्रात घालून एका दणक्यात साठ मोबाइल तयार केले. कडा इतक्या सरळ की माझ्या जन्मात मला तशा कापता आल्या नसत्या. मी खूश होऊन घरी आले, आणि रात्रभर नव्हे पण संध्याकाळभर बसून साठ कोऱ्या पाठींवर बटणं काढली.

त्या दिवसांत जळगावहून धुळ्याला आणि धुळ्याहून साक्रीला एसटीने जाताना रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला दिसायचा. गाड्या पुढे निघून गेलेल्या, त्यांची आठवण काट्यांवर. साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला एक गाव होतं. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर सकाळचं ऊन इतकं चांगलं यायचं की आत खोलीत जावंसं कुणाला वाटायचं नाही. आसपासच्या गावांतल्या सात आशाताई तिथे जमायच्या. येताना कुणी तुरीच्या शेंगा आणायची, कुणी ओल्या हरभऱ्याची जुडी, कुणी फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी जळगावची, भरीत म्हणजे आमच्या असोद्याकडच्या वांग्याचंच असं मानणारी. त्या बाया माझं ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचं भरीत आणून मला गप्प करायच्या.

सातजणींत वयाने मोठ्या सुमनअक्का. पन्नाशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, उन्हाने रापलेल्या. त्यांच्या मांडीवर कायम एक जाड रजिस्टर असायचं, कापडी पिशवीत गुंडाळलेलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना बघायला म्हणून संस्थेचा खरा मोबाइल दिला. तव्यावरची भाकरी उचलावी तसा त्यांनी तो दोन बोटांत धरला.

"हाई बिघडी गयं तं?" त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं. मी सांगितलं, काही बिघडत नाही. त्यांनी मान हलवली आणि तो तसाच दोन बोटांनी माझ्या हातात परत दिला. एप्रिलपासून रजिस्टर बंद होऊन सगळ्यांना तो फोन वापरावा लागणार होता. ज्यांना जमणार नाही त्यांचं काय, हे ओट्यावर कुणी विचारलं नाही. अक्कांचा तळहात रजिस्टरवरून हलला नाही, एवढं मी पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे कळलं असं नाही.

कागदाचे मोबाइल मात्र सगळ्यांना आवडले. त्यांना हात लावायला कुणी भ्यायलं नाही. बोट टेकवलं की मी लगबगीने दुसरा कागद ठेवायची, आणि उशीर झाला की एखादी म्हणायची, "मशीन दमी गयं वाटस." एकीने तर गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हाई मशीन चहा पेस का?" मशीन चहा प्यायलं आणि पुन्हा कामाला लागलं. दोन दिवस असे हसतखेळत गेले. प्रत्येक कागदापाशी मी विचारायची, हे बरोबर आहे का, काही बदलायचं का, ही पेन्सिल घ्या. उत्तर एकच, "चांगलं शे ताई. बठ्ठं चांगलं शे." साठ कागदांवर पेन्सिलीचा एक ठिपका पडला नाही. मी पुण्याला फोन करून सांगितलं की पहिल्याच फेरीत सगळं पास. इतकी हुशार आपण कधी झालो, याचं मला स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या बाया गेल्या आणि अक्का शेंगा सोलत मागे राहिल्या. मी सहज विचारलं, "अक्का, एकदाही काट मारली नाहीत. खरंच सगळं बरोबर आहे?"

त्यांनी सोललेले दाणे बाजूला केले, हात पदराला पुसले, माझ्यापुढचा एक कागद उचलला आणि उलटा करून माझ्या तळहातावर ठेवला. पुढे छापलं होतं, चि. सौ. कां. वैशाली.

"काट कशी मारू व ताई?" अक्का म्हणाल्या. "मांगे पोरनं नाव शे. बाकीन्या बोलन्या नहीत, तुले वाईट वाटी म्हनीसन."

मला खरोखर तोंड लपवावंसं वाटलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या घरातही पत्रिकेवर पाय पडला तर आई नमस्कार करायला लावायची. लग्न होऊन वर्ष झालं तरी ती पत्रिका ना फाडायची ना चुलीत घालायची, आणि पेन्सिलची काट तर कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण मी तो कामाचा कागद म्हणून पाहिला होता, आणि सातजणींनी पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला तो उलटा करून पाहिला होता. कुणाच्या तरी लेकीच्या नव्या संसारावर आपल्या हातून रेघ नको, म्हणून त्या दोन दिवस माझ्या चुकांना चांगलं म्हणत राहिल्या होत्या. मी काट मारायला सांगत होते आणि त्या मला सांभाळून घेत होत्या.

अक्कांचं लक्ष अजून त्या पत्रिकेवरच होतं. वैशालीच्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हाई वैशाली," त्या म्हणाल्या. "लगीन करीसन सासरले जाई. पहिलं बाळंतपणले माहेर ई. मंग ती तुन्हा कागदवर कोठे शे?"

मी सगळे कागद ओट्यावर मांडले. गाव, घर नंबर, रेशनकार्ड, नवऱ्याचं नाव. आमची सगळी यादी घरांवरून बनलेली, आणि वैशालीचं घर तिच्या सासरच्या गावात. ज्या दिवसांत तिला कुणीतरी लागणार, त्या दिवसांत ती तिथे नसणार. जिथे असणार, तिथे तिचं नाव टाकायला माझ्या साठ कागदांत एक ओळ नव्हती. "या गावात नोंद नाही" एवढंच माझा मोबाइल तिला सांगणार होता. हे मी, माहेर हा शब्द ऐकत मोठी झालेली मुलगी, पुण्यात बसून विसरले होते.

मग अक्कांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि शेवटची पानं उघडली. सरकारी रकाने तिथे संपले होते. पुढे त्यांनी स्वतः पट्टीने रेघा मारल्या होत्या. नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे आईचं नाव. मी विचारलं, लेक आलीय हे तुम्हाला कळतं कसं, कुणी सांगायला येतं का?

"सांगाले कोन ई?" त्या हसल्या. "मी दोऱ्या देखत जास. दोरीवर नवी मॅक्सी वाळत दिखनी का समजनं, आंडेर उनी."

आंडेर म्हणजे लेक. वाळत घातलेल्या कपड्यांत एक नवा रंग दिसला की अक्का त्या दारात उभ्या राहायच्या, पाणी मागायच्या आणि आत बघायच्या. तपासणी कधी झाली, गोळ्या घेतेस का, गाडीवाल्याचा नंबर घरात लिहिलाय का. त्या शेवटच्या पानांवर अक्कांचं खरं काम होतं, आणि ते काम कुठल्याच यादीत नव्हतं.

"हाई पानं मोबाइलमा कोठे जातीन?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पानं गयात तं मी काय कराले ऱ्हाऊ?"

मी म्हणाले, "तुम्हीच काढून दाखवा, कसं हवं ते." आणि सवयीने एक पत्रिकाच पुढे केली. त्यांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली. इकडेतिकडे पाहिलं, मग रजिस्टरच्या पुठ्ठ्यात खोचलेला एक घडी घातलेला कागद काढला. लिहिलेली बाजू खाली करून ओट्यावर पसरला, तळहाताने घड्या सपाट केल्या.

"हाऊ कागद चाली," अक्का म्हणाल्या. "त्यानावर कोनं लगीन नही. मन्हंच नाव शे. मन्हा नाववर मी काट मारी सकस."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसले.

त्यांनी दोन घरं काढली, मध्ये रस्ता काढला आणि रस्त्यावर एक बाई. पोट पुढे आलेलं, हातात पिशवी. पिशवीचा बंद त्यांनी दोनदा खोडून नीट केला, कारण माहेरी येणारी पोर रिकाम्या हाताने येत नाही. चित्राखाली चौकट, चौकटीत "माहेरी आलेली". त्याखाली "कोणाची लेक" आणि पुढे रेघ. मग सासरचं गाव. मग किती दिवस राहणार. नवऱ्याचं नाव अगदी तळाला गेलं. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, "दारमा पोर उभी ऱ्हायनी का आपन पहिले तिन्ही मायनं नाव लेतस." सगळं झाल्यावर त्यांनी त्या चौकटीवर बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहत बसल्या. माझ्याकडे पुढचा कागदच नव्हता. मशीन पहिल्यांदा बंद पडलं, आणि अक्का तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी साक्रीच्या किराणा दुकानातून पुड्या बांधायचा खाकी कागद नेला. आदल्या रात्री जेवढ्या स्क्रीन पुन्हा काढता आल्या तेवढ्या काढल्या होत्या, वेड्यावाकड्याच. त्या दिवशी ओट्यावर काय गोंधळ झाला ते सांगता येत नाही. मला सगळ्यात आवडलेल्या प्रश्नावर पहिली काट पडली. एक कात्री, तिच्यावरून सातजणींची ओढाओढ. एकीने काढलेलं बटण दुसरीने कापलं, तिसरीने भाकरीच्या पिठाने परत चिकटवलं. त्या आपसात भांडल्या, मला अडाणी म्हणाल्या, आणि मशीनला चहा द्यायचं पार विसरून गेल्या. एवढा आनंद मला कुठल्याच कामात झालेला नाही.

उन्हाळ्यात आमच्या आईकडे उडदाचे पापड व्हायचे तेव्हा आधी प्रत्येकीच्या हातावर एकेक लाटी ठेवली जायची. मीठ कमी आहे का, तिखट पुरे का, हे लाटी चाखूनच ठरायचं, कारण वाळलेल्या पापडाला कुणी काही सांगू शकत नाही. कागदाचा मोबाइल म्हणजे मला ती लाटी वाटते. काचेवर झळकणारी गोष्ट कुणीतरी शहाण्याने पूर्ण करून पाठवलेली असते. तिच्यापुढे माणूस एकतर हो म्हणतो किंवा स्वतःलाच कमी समजतो. कच्च्या, वाकड्या, पेन्सिलच्या रेघांपुढे त्याला वाटतं की यात माझंही बोट चालेल. पण तो कागदसुद्धा कुणाचा आहे, त्याच्या मागे काय आहे, हे बघावं लागतं. ते मला कुठल्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

माझंही पहिलं बाळंतपण पुढे जळगावला झालं. दवाखान्यात नर्सबाईंनी पत्ता विचारला आणि मी क्षणभर थांबले. धुळ्याचा सांगू की इथला? आई शेजारी पिशवी धरून उभी होती. नर्सबाई कंटाळून आईला म्हणाल्या, "तुमचीच लेक ना?" आणि आईचं नाव लिहून मोकळ्या झाल्या. मला त्या वेदनेतही साक्रीपलीकडचा तो ओटा आठवला आणि रडू आलं.

त्या हिवाळ्यात साक्रीहून मी पाचव्या दिवशी परत निघाले. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. ऊन कलतं होतं, शेतांत कांद्याची लावण चालली होती. अक्कांचं चित्र पुन्हा बघावं म्हणून मी फाइलमधून त्यांचा कागद काढला, आणि धक्क्याने तो मांडीवर उलटा पडला.

मागच्या बाजूला अर्ज होता. शाळकरी मुलीचं गोल अक्षर, शब्दांखाली पट्टीने मारलेल्या रेघा. नवीन मोबाइल मला चालवता येत नाही, माझ्यामुळे कामाला उशीर व्हायला नको, म्हणून मी हे काम सोडत आहे. खाली अक्कांची सही, एकेक अक्षर सुटं. तारखेची जागा तेवढी मोकळी होती. म्हणजे त्या तीन दिवस तो अर्ज रजिस्टरमध्ये घेऊन ओट्यावर बसत होत्या, माझ्या कागदांना चांगलं म्हणत होत्या आणि तारीख कुठली घालावी याचा विचार करत होत्या.

धुळे येईपर्यंत मला धीर निघाला नाही. मी गाडीतूनच त्यांच्या साध्या बटणांच्या फोनवर फोन लावला. "अक्का, तुमचा एक कागद माझ्याकडे आलाय," मी म्हणाले.

"माले माहीत शे."

"परत पाठवू?"

"काबरं?" अक्का म्हणाल्या. "त्यानी पाठवर काम करी लिन्हं ना. आते तो कसा देऊ?" मग म्हणाल्या, "जयश्रीले काही सांगशी नको. पोरनी मोठा कष्टथीन लिखं व्हतं."

जयश्री म्हणजे त्यांची धाकटी, तेव्हा नववीत होती.

पुण्याला मी चित्राची झेरॉक्स पाठवली. आणखी एक स्क्रीन कशाला, अशी थोडी कुरकुर झाली, मग ती स्क्रीन आली. त्या ॲपमध्ये आजही पिशवी घेतलेली एक बाई रस्त्यावर उभी आहे. एप्रिलमध्ये खरे फोन आले तेव्हा अक्कांना ते लगेच जमलं असं नाही. महिनाभर त्या जयश्रीकडून शिकल्या, अजूनही एकाच बोटाने लिहितात, आणि पिशवीत रजिस्टर असतंच. पण काम त्यांनी सोडलं नाही. मूळ कागद माझ्या कपाटात आहे. मी कधीकधी तो काढते, एक बाजू बघते, दुसरी बघते आणि ठेवून देते.

काल साक्रीहून एक पत्रिका आली. मी नेहमीसारखी आधी उलटी केली. पाठ कोरी, कागद चांगला जाड. मग सुलट केली. चि. सौ. कां. जयश्री. मुलगा बोदवडचा. सासूबाई काहीतरी म्हणत होत्या, मी फोन घेऊन गच्चीवर गेले.

"पत्रिका भेटनी का?" अक्कांनी विचारलं. "पहिले उलटी करीसन देखी व्हशी."

"बघितली. पाठ कोरी आहे. काढू का काही?"

"हात लावशी नको," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू थांबलं. पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"बोदवड लांब पडस व माय," अक्का म्हणाल्या.

मी म्हणाले, हो, लांब आहे खरं.

"पन पहिलं बाळंतपणले ती आठे माहेरच ई ना. तवय तिन्ही नोंद मीच करसू. 'कोणाची लेक', तठे मन्हंच नाव टाकसू."